कृपया योग्य माहिती भरा

चार्ल्स बॅबेज हा माणूस जितका हुशार तितकाच तिरसट. संगणकाचा आजोबा म्हणून आपण त्याचा फोटो पुस्तकात पाहिलेला असतो. पण त्याचं १८६४ साली आलेलं आत्मचरित्र चाळलं तर कळतं, की गृहस्थ अखंड कुणावर तरी वैतागलेला होता. त्यातली एक हकीकत बहुतेकांना माहीत असेल. ब्रिटिश संसदेतल्या दोघांनी (एक वरच्या सभागृहाचा, एक खालच्या) दोन वेगवेगळ्या प्रसंगी त्याला विचारलं, की तुमच्या यंत्रात चुकीचे आकडे घातले तर उत्तर बरोबर येईल का हो? असा प्रश्न पडायला डोक्यात नेमका कुठल्या प्रकारचा गोंधळ असावा लागतो, हे आपल्याला समजूच शकत नाही, अशा अर्थाचं बॅबेजने लिहून ठेवलंय. संगणकवाली मंडळी गेली कित्येक वर्षं हा किस्सा एकमेकांना सांगून त्या खासदारांना हसत आली आहेत.

मला मात्र त्या खासदारांची बाजू घ्यावीशी वाटते. माणूस आकडा चुकीचा घालणारच, मग तुमचं यंत्र त्यावर काय करणार, एवढाच साधा प्रश्न त्यात दडलेला असू शकतो. आणि मजा म्हणजे खुद्द बॅबेजने त्याच पुस्तकात त्याचं उत्तर दिलेलं आहे! त्याच्या नियोजित ॲनॅलिटिकल इंजिनाला गणित करता करता एखाद्या संख्येचा लॉगरिथम लागला, तर ते थांबणार आणि घंटा वाजवणार. मग मदतनिसाने कपाटातून त्या संख्येचं छिद्रांचं कार्ड काढून आणून द्यायचं. यंत्र आधी तपासणार, की आपण मागितलेल्याच संख्येचं हे कार्ड आहे का. नसलं, तर आणखी जोरात घंटा वाजवत बसणार आणि बरोबर कार्ड मिळेपर्यंत पुढे सरकणार नाही. फॉर्मच्या चौकटीखाली येणारी ती लाल अक्षरं आपण रोज बघतो ना, त्यांचा मूळपुरुष म्हणजे ही घंटा. यंत्र काही बॅबेजच्या हयातीत बांधून झालं नाही (तो १८७१ मध्ये गेला), त्यामुळे ती घंटाही कुणी ऐकली नाही. पण कल्पना होती.

अर्थात यंत्रं यायच्या आधीही ही अक्कल माणसाला होतीच. चेकवर आपण रक्कम दोनदा लिहितो. एकदा आकड्यात, एकदा अक्षरी, आणि शेवटी 'फक्त'. दोन्हींत फरक पडला तर काय करायचं, हे आपल्याकडे १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टमध्ये लिहिलेलं आहे. कलम १८ म्हणतं, अक्षरी रक्कम खरी मानायची. कारण उघड आहे. शून्य एखादं जास्त पडणं हे बोटाचं काम, पण 'पाचशे'च्या जागी 'पाच हजार' लिहायला हात नि डोकं दोन्ही चुकावं लागतं. एकच गोष्ट दोन वेगळ्या वाटांनी मागायची आणि ताडून पाहायची. पुढची बरीचशी गोष्ट या एका युक्तीभोवतीच फिरते.

माझी धाकटी मावशी मुंबईत फोर्टमधल्या एका कचेरीत पंच ऑपरेटर होती. तिच्या तोंडून आम्ही 'व्हेरिफायर' हा शब्द लहानपणी इतक्यांदा ऐकला, की मला तो कुणी कडक साहेब वाटायचा. तो साहेब नव्हता, यंत्र होतं. ऐंशी रकान्यांच्या कार्डावर एक मुलगी छिद्रं पाडणार. मग ते कार्ड आणि मूळ कागद दुसऱ्या मुलीकडे जाणार, आणि ती तोच सगळा मजकूर पहिल्यापासून पुन्हा टाइप करणार. छिद्रं मात्र पडणार नाहीत. यंत्र फक्त ताडून बघणार, की आत्ता दाबलेली कळ आणि आधीचं छिद्र जुळतं का. नाही जुळलं की दिवा लागतो आणि यंत्र अडतं. पुन्हा दाबून पाहायची संधी मिळते (चूक दुसरीचीही असू शकते ना), तरीही जुळलं नाही तर त्या रकान्याच्या डोक्यावर खाच पडते. कार्ड बिनचूक निघालं, तर उजव्या कडेला खाच. गठ्ठा कडेने धरून नजर टाकली, की खाच नसलेलं कार्ड लगेच डोळ्यात भरतं.

मावशी म्हणते, की पंच करणारी आणि तपासणारी यांनी शेजारी बसायचं नाही असा त्यांच्याकडे दंडक होता. का, तर मैत्रिणी एकमेकींना सांगतील, 'अगं, तो सात नाही, एक आहे'. आणि मग दोघी मिळून एकच चूक करतील! मला हे फार आवडतं. तपासणाऱ्याला आधीचं उत्तर माहीत नसणं, यातच तपासणीचा सगळा जीव आहे. आज पासवर्ड दोनदा लिहायला लावतात, ती याच पंच-व्हेरिफायर जोडीची नात म्हणायला हरकत नाही. आणि ईमेलचा पत्ता दोनदा मागितला की आपण काय करतो? वरच्या चौकटीतला कॉपी करून खाली चिकटवतो. असो. याच्याकडे परत यायचंय.

दोनदा टाइप करणं म्हणजे दुप्पट पगार. त्यामुळे कुणाच्या तरी डोक्यात येणारच होतं, की संख्येच्या पोटातच तिची साक्ष ठेवता येईल का? आयबीएममधल्या हान्स पीटर लुन यांनी १९५४ मध्ये अशा एका उपकरणाच्या पेटंटसाठी अर्ज केला, ते १९६० मध्ये मिळालं. उपकरण हातात धरायचं, चकत्यांचं. संगणकाचा संबंध नाही. पद्धत घरी करून बघण्यासारखी आहे. समजा संख्या आहे १२३४. उजवीकडून सुरुवात करून एकाआड एक अंक दुप्पट करा. ४ चे ८, ३ तसाच, २ चे ४, १ तसाच. (दुप्पट दोन आकडी आली तर तिचे अंक मिळवायचे.) बेरीज १६. पुढच्या दहाच्या पाढ्यातल्या संख्येला, म्हणजे २० ला, कमी पडतात ४. तो ४ शेपटीला जोडायचा, संख्या झाली १२३४४. आता कुणी घाईत १३२४४ लिहिलं, तर बेरीज १७ येते, शेपटीला ३ हवा होता, चूक पकडली. तुमच्या खिशातल्या क्रेडिट कार्डाचा शेवटचा अंक असाच काढलेला असतो. म्हणून तर आकडा चुकला की बँकेला न विचारता ते पान लगेच ओरडतं.

लुनच्या पद्धतीत एक भोक आहे. ०९ चे ९० झाले तर तिला कळत नाही, कारण ९ दुप्पट केला की १८, आणि १ अधिक ८ पुन्हा ९ च. शेजारचे अंक उलटेपालटे झालेले सगळेच्या सगळे पकडायचे, तेही एकाच दशमान अंकाच्या जोरावर, हे होणारच नाही असं बरेच जण मानत होते. म्हणून तर पुस्तकांच्या जुन्या दहा अंकी आयएसबीएनमध्ये अकराने भागायची पद्धत घेतली आणि बाकी दहा आली तर शेवटी अंकाऐवजी 'एक्स' हे अक्षर छापावं लागे. (२००७ पासून तेरा अंकी आल्यावर ते एक्स गेलं.) मग १९६९ मध्ये याकोबुस फेरहूफ या डच गणितज्ञाने ते करून दाखवलं. पंचकोन फिरवणं आणि उलटा करणं यांचं एक गणित असतं, त्यात क्रमाला महत्त्व असतं. आधी लाटून मग भाजली तर पोळी, आधी भाजून मग लाटली तर काहीतरी भलतंच, तसं. अंकांची अदलाबदल झाली की उत्तर बदलतंच.

पण मला फेरहूफ आवडतो तो वेगळ्या कारणासाठी. गणित मांडायच्या आधी तो डच पोस्टाच्या व्यवहारातल्या खऱ्याखुऱ्या चुका घेऊन बसला आणि त्यांची वर्गवारी केली. जवळजवळ ७९ टक्के चुकांत एकच अंक बदललेला होता, सुमारे १० टक्क्यांत शेजारचे दोन अंक उलटे झाले होते. बाकी किरकोळ. म्हणजे माणसं कशीही चुकत नाहीत, ठरावीक रीतीने चुकतात. डच भाषेत आपल्यासारखंच एकक आधी बोलतात. आपण 'पंचवीस' म्हणताना पाच आधी म्हणतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो, तेही तसंच करतात. कुणी फोनवर 'त्रेसष्ट' सांगितल्यावर ज्याने घाईत आधी ३ लिहून मग शेजारी जागा शोधली आहे, त्याला हे समजावून सांगायला नको. (इंग्रजी माध्यमातल्या आमच्या भाच्यांना 'एकोणसत्तर' म्हटलं की अजून घाम फुटतो, तो विषय वेगळा.)

हा फेरहूफचा अंक पुढे कुठवर पोचला बघा. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. बारा अंकांतला शेवटचा अंक याच पद्धतीने काढलेला. डच पोस्टातल्या कारकुनांच्या चुका, पंचकोनाचं गणित, आणि सातपुड्याच्या बाजूचं एक आदिवासी गाव!

इथवरची गोष्ट गमतीची होती. आता जे सांगणार आहे ते मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री झोप लागली नव्हती.

थेरॅक-२५ हे कॅनडातल्या एका सरकारी कंपनीने बनवलेलं, कॅन्सरवर किरणोपचार करणारं यंत्र. अमेरिका आणि कॅनडा मिळून अशी अकरा यंत्रं बसवली होती. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात त्यांच्याकडून सहा रुग्णांना प्रचंड जास्त मात्रा दिली गेली, त्यांतले काही दगावले. सॉफ्टवेअरच्या चुकीचं उदाहरण म्हणून हे शिकवलं जातं. पण नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ मध्ये लिहिलेला सविस्तर अहवाल वाचला, तर लक्षात येतं की मुळात ही एका फॉर्मची गोष्ट आहे.

ऑपरेटरबाई रुग्णाला खोलीत झोपवून यंत्र लावून येणार आणि बाहेर पडद्यासमोर बसून उपचाराचे आकडे भरणार. मूळ योजनेत आतल्या यंत्रावर लावलेले आकडे बाहेर पुन्हा टाइप करायचे होते, जुळले तरच पुढे. मावशीचा व्हेरिफायरच की हा! पण वेळ फार जातो अशी तक्रार ऑपरेटरांनी केली, आणि पहिलं यंत्र बसायच्या आधीच कंपनीने सोय करून दिली, की टाइप करायची गरज नाही, नुसती रिटर्नची कळ दाबा, आतला आकडा आपोआप उतरेल. समोर 'व्हेरिफाइड' असा शब्द यायचा. पडताळणी कसली झाली होती? एकाच आकड्याची स्वतःशीच.

२१ मार्च १९८६. टेक्ससमधलं टायलर गाव. ऑपरेटर अनुभवी. बहुतेक रुग्णांना क्ष-किरण द्यायचे असल्यामुळे सवयीने 'एक्स' दाबला गेला. या रुग्णाला इलेक्ट्रॉन द्यायचे होते, म्हणजे 'ई'. चूक लगेच लक्षात आली, बाणाची कळ दाबून वर गेली, 'ई' केलं, बाकी आकडे बरोबर होते म्हणून रिटर्न, रिटर्न करत खाली आली. सगळं व्यवस्थित दिसत होतं. पण आत यंत्राचे चुंबक जागेवर यायला आठ सेकंद लागत, आणि तेवढ्या वेळात केलेली दुरुस्ती सॉफ्टवेअरच्या एका भागाला कळली, दुसऱ्याला कळलीच नाही. क्ष-किरणांसाठी लागणारा शंभरेक पटींनी जोरदार झोत, मध्ये कुठलाही आडपडदा नसताना सुटला. पडद्यावर आलं, 'मालफंक्शन ५४'. शेजारी मात्रेचा आकडा, तोही हवा त्यापेक्षा पुष्कळ कमी. यंत्र 'बंद' पडलं नव्हतं, नुसतं 'थांबलं' होतं, आणि अशा वेळी 'पी' दाबून पुढे जायचं हा रोजचा शिरस्ता. असे संदेश काही दिवशी चाळीस चाळीस यायचे. तिने 'पी' दाबलं.

आतल्या माणसाला पहिल्यांदा पाठीवर कुणी गरम कॉफी ओतल्यासारखं, विजेचा झटका बसल्यासारखं वाटलं होतं आणि तो उठायच्या बेतात होता. दुसरा झोत त्याच्या हातावर बसला. खोलीतला कॅमेरा त्या दिवशी जोडलेला नव्हता आणि आवाजाची यंत्रणा बिघडलेली होती. १८० रॅड द्यायचे होते. नंतरचा अंदाज साडेसोळा हजार ते पंचवीस हजारांचा. पाच महिन्यांनी तो गेला.

'मालफंक्शन ५४' म्हणजे काय, हे ऑपरेटरच्या पुस्तिकेत लिहिलेलंच नव्हतं. कंपनीच्या कागदांत त्याचा अर्थ होता 'डोस इनपुट २', आणि त्याचाही अर्थ असा, की मात्रा एकतर फार जास्त गेली आहे किंवा फार कमी. मी हे वाक्य तीनदा वाचलं होतं. ज्याने हा क्रमांक प्रोग्रॅममध्ये लिहिला असेल त्याला काही वाईट करायचं नव्हतं, त्याने आपल्यापुरती खूण ठेवली होती. ती खूण पुढे कोण वाचणार, कुठल्या घाईत वाचणार आणि वाचून काय करणार, हा विचार मात्र त्याच्या टेबलावर आलाच नाही.

तज्ज्ञ येऊन तपासून गेले, त्यांना काही सापडलं नाही. ७ एप्रिलला यंत्र पुन्हा सुरू झालं आणि ११ एप्रिलला तीच ऑपरेटर, तोच 'एक्स', तीच दुरुस्ती, तोच ५४. हा रुग्ण तीन आठवड्यांत गेला. या वेळी आतला आवाज बाहेर ऐकू आला होता. रुग्णालयातले भौतिकतज्ज्ञ फ्रिट्झ हेगर यांनी यंत्र बंद केलं, आणि ती ऑपरेटर आणि ते मिळून तोच प्रसंग पुन्हा पुन्हा घडवत बसले. शेवटी उमगलं ते असं, की आकडे भरभर भरले तरच चूक होते. कंपनीचे इंजिनिअर जपून, सावकाश टाइप करत होते, म्हणून त्यांना ती दिसत नव्हती. मला वाटतं या सगळ्या हकीकतीतलं खरं काम त्या बाईचं आहे. आपल्या हातून काय झालं ते आठवून, न लपवता, कळ न् कळ पुन्हा दाबून दाखवणं काही सोपं नाही. आणि कंपनीचा पहिला उपाय? वर जायच्या बाणाची कळ उपटून काढा आणि खालच्या संपर्कांवर चिकटपट्टी लावा! म्हणजे चूक दुरुस्त करायची सोयच नको.

आधीच्या थेरॅक-२० मध्येही हाच दोष होता असं नंतर उघड झालं. शिकागो विद्यापीठात नवे विद्यार्थी आले की त्यांच्या वेड्यावाकड्या टायपिंगने यंत्राचे फ्यूज उडायचे. फ्यूज उडायचे, माणसं मरत नव्हती. कारण त्यात सॉफ्टवेअरवर भरवसा न ठेवणारं वेगळं, तारांचं संरक्षण होतं. नव्या यंत्रात ते काढून टाकलं होतं.

वेबवरच्या फॉर्मचा इतिहास त्यामानाने निरुपद्रवी आहे. नोव्हेंबर १९९५ मध्ये एचटीएमएल २.० आलं तेव्हा फॉर्म होते, पण तपासणी सगळी पलीकडच्या सर्व्हरवर. आपल्याकडे व्हीएसएनएलचं इंटरनेट त्याच वर्षी १५ ऑगस्टला सुरू झालं. त्या काळाची आणि त्यानंतरच्या सायबर कॅफेंची ज्यांना आठवण आहे, त्यांना तो अनुभव सांगायला नको. मिनिटांवर डोळा ठेवून चाळीस रकाने भरायचे, बटण दाबायचं, घरघर ऐकत बसायचं, आणि समोर येणार 'इनव्हॅलिड इनपुट'. कुठलं इनपुट, का इनव्हॅलिड, काही नाही. मागे जावं तर सगळा फॉर्म कोरा. त्याच वर्षअखेरीस जावास्क्रिप्ट जाहीर झाली, आणि लोकांनी तिला जुंपलं ते मुख्यतः याच कामाला. पान पाठवायच्या आधीच चूक दाखवायची. तेव्हापासून ते करड्या खिडकीतले इशारे सुरू झाले. पुढे एचटीएमएल ५ मुळे (ते अधिकृत झालं २०१४ मध्ये) 'हा रकाना आवश्यक आहे' एवढं म्हणायला ब्राउझरच शिकला.

यातली खरी गंमत नियम कोण ठरवतं यात आहे. आमच्या एका मित्राचं आडनाव ओक. परदेशातल्या एका फॉर्मने त्याला आडनाव किमान चार अक्षरी हवं असं बजावलं. आता आडनाव लांबवायला तो काय ख्याल गातोय? मधल्या नावात नवऱ्याचं नाव लिहिणाऱ्या आमच्या काकूंनाही असाच एक फॉर्म दर पानावर निराळा प्रश्न विचारत होता. जुना कारकून छाननी करताना 'त्रुटी' असा शेरा मारायचा खरा, पण खिडकीतून डोकं आत घालून 'साहेब, आमच्यात असंच असतं' म्हणायची सोय होती.

आणि शेवटी एक अशी चूक, जिथे यंत्राने विचारलं होतं.

८ डिसेंबर २००५. टोकियो शेअर बाजारात जे-कॉम नावाच्या कंपनीचा पहिलाच दिवस. मिझुहो सिक्युरिटीजच्या दलालाला १ शेअर ६ लाख १० हजार येनला विकायचा होता. त्याने दोन रकान्यांतले आकडे उलटे भरले. ६ लाख १० हजार शेअर, १ येनला. कंपनीचे एकूण शेअर होते साडेचौदा हजार! पडद्यावर इशारा आला, की किंमत मर्यादेबाहेर आहे. असे इशारे नेहमी येतात, म्हणून तो ओलांडून ऑर्डर पुढे गेली. मिनिटभरात चूक कळली, रद्द करायचा आदेश दिला, तर बाजाराच्या यंत्रणेत नेमका दोष, तिने रद्द करायला नकार दिला. पुन्हा दिला, पुन्हा नकार. अस्तित्वातच नसलेले शेअर लोक भराभर घेत राहिले. मिझुहोने जमतील तेवढे स्वतःच परत विकत घेतले, उरलेल्यांसाठी शेअरमागे ९ लाख १२ हजार येन रोख मोजले. नुकसान ४००० कोटी येनच्या घरात. बाजाराच्या अध्यक्षांना जावं लागलं.

मग मिझुहोने बाजारावर दावा लावला. इशारा न वाचणाऱ्याची चूक किती आणि रद्द न करणाऱ्याची किती, यावर वकील वर्षानुवर्षं भांडले. २००९ मध्ये टोकियोच्या न्यायालयाने बाजाराने सुमारे १०७० कोटी येन द्यावेत असं ठरवलं, म्हणजे बाकीचं बरंचसं नुकसान दलालाच्याच पदरात. अपिलं होत होत २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते कायम झालं. एका रकान्यातला आकडा दुसऱ्या रकान्यात गेल्याला तोवर जवळजवळ दहा वर्षं झाली होती.